काय येते, हे कोणी ठरवावे? : मार्लवाई ते गुंजाला



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. त्यामुळे आजचा मान स्वीकारताना संकोच वाटतो; पण गुरुजींचा विषय इतिहास होता, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ऋण फेडावयाचे ते इतिहास सांगूनच, या भावनेने मी उभा आहे.

आरंभी एक आठवण सांगतो. आपल्या शाळेचे वार्षिक हस्तलिखित निघत असे. दिवाळीची सुट्टी संपली की गुरुजी वर्गात एक वही फिरवीत. तीत दोन रकाने आखलेले असत. पहिल्यात आपले नाव लिहावयाचे आणि दुसऱ्यात ‘काय येते’ ते. आम्ही मुले मोठ्या हिरिरीने ‘सुंदर अक्षर’, ‘चित्रकला’, ‘काव्य’ असे लिहीत असू. एका वर्षी एका मुलाने दुसरा रकाना कोराच ठेवला. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी सर्वांना एकेक पान उतरवून आणावयास सांगितले. सुंदर अक्षरवाल्यांच्या पानांत शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या. आणि त्या चुका कोणी दाखवल्या, तर त्या कोरा रकाना ठेवणाऱ्या मुलाने. त्या वर्षापासून मुद्रितशोधनाचे काम त्याच्याकडे गेले. तो रकाना कोरा का होता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. ‘चूक दिसते’ हेही काही येणे असते, हे त्याला ठाऊकच नव्हते. आणि त्याला तसे कोणी विचारलेही नव्हते.

माणसाने स्वतःच्या कौशल्याविषयी स्वतःच दिलेली ग्वाही आणि त्याच्या हाती सोपवावयाचे काम, यांची सांगड कशी घालावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वेतन नसलेल्या, आज्ञा नसलेल्या कामात हा प्रश्न फार तीव्र होतो. गेल्या काही दशकांत जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून उभारलेल्या मुक्तस्रोत संगणकप्रणालींपुढे तो नित्य उभा असतो. परंतु मला तो प्रथम दिसला तो आपल्या उटनूरच्या डोंगरांत, म्हणून आरंभही तेथूनच करतो.

मार्लवाई, १९४३

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम धारातीर्थी पडले. जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी गोंडांनी केलेल्या त्या उठावाने निजामाच्या सरकारला खडबडून जागे केले. त्याच सुमारास ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडले होते. ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून त्यांच्या संचारावर बंधने होती. त्यांनी व त्यांच्या पत्नी बेट्टी यांनी मार्लवाई या गोंड गावी मुक्काम केला आणि गोंडांचा अभ्यास आरंभला. पुढे हेच गृहस्थ निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. बेट्टीबाई १९८७ साली निवर्तल्या. त्यांची समाधी मार्लवाईलाच आहे.

१९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंड मुलांना गोंडी भाषेत, गोंड शिक्षकाकडूनच पहिले धडे मिळावेत, ही त्यामागची कल्पना. आज ती साधी वाटते. त्या काळी ती क्रांतिकारक होती. संस्थानाची राजभाषा उर्दू, बाजाराची भाषा मराठी किंवा तेलुगू, आणि गोंडी केवळ बोलण्याची, अशी समजूत रूढ होती. अडचण अशी की शिक्षक व्हावयास शिकलेला गोंड हवा, आणि शिकलेला गोंड तर जवळपास नव्हताच. तेव्हा ज्यांना मराठीची थोडीबहुत अक्षरओळख होती अशा मोजक्या गोंडांना हाताशी धरण्यात आले. त्यांनाच आधी शिकवले, आणि त्यांच्याकरवी पुढच्यांना. गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत तयार झाले, कारण या भागातील गोंडांना परक्या भाषांपैकी मराठीचाच परिचय अधिक होता.

या योजनेचे मोठेपण कशात होते? पूर्ण तयार झालेला शिक्षक मिळेपर्यंत ती थांबली नाही. अर्धवट साक्षर माणसाला तिने ‘अपात्र’ ठरवले नाही. त्याला मराठी अर्धी येत होती हे खरे; पण गोंडी पूर्ण येत होती, आणि त्या कामाला गोंडीच आधी हवी होती. हैदराबादहून आलेला पदवीधर जे काम करू शकला नसता, ते हा ‘अर्धशिक्षित’ करू शकत होता. कामाचे स्वरूप नीट ओळखले की उणीव वाटणारी गोष्ट पुरेशी ठरते, हे मार्लवाईने दाखवून दिले.

येथे एका मराठी अधिकाऱ्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. थोर इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत होते, आणि आदिलाबादच्या आदिवासींमध्ये त्यांनी काम केले. ते स्वतः गोंडी शिकले. गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. फारसी साधनांच्या या मर्मज्ञाने डोंगरातल्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसणे पत्करले. मला काय येत नाही, हे ओळखणे हेही कौशल्याचेच मोजमाप आहे. आणि ते मोठ्या माणसांना अधिक साधते.

न विचारलेला प्रश्न

आता याच कथेची दुसरी बाजू. मार्लवाई योजनेची पहिली निवड ‘मराठी कोणाला वाचता येते?’ या प्रश्नावर झाली. तो प्रश्न त्या काळी स्वाभाविक होता. त्यासाठी कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण उत्तर नेहमी प्रश्नाच्या मापाचे मिळते.

त्याच उटनूर परिसरात गुंजाला नावाचे गाव आहे. १९४३ साली मार्लवाई आणि गुंजाला ही दोन्ही गावे आदिलाबाद या एकाच जिल्ह्यात होती. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर मार्लवाई कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले, तर नारनूर मंडलातील गुंजाला आदिलाबाद जिल्ह्यातच राहिले. या गुंजाल्यात २००६ साली काही हस्तलिखिते अभ्यासकांच्या दृष्टीस पडली. हैदराबादच्या विद्वानांनी, विशेषतः प्रा. जयधीर तिरुमल राव यांनी, त्यांचा पाठपुरावा केला. भाषा गोंडी होती आणि लिपी देवनागरी नव्हती, तेलुगूही नव्हती. ती गोंडीची स्वतःची लिपी होती. ती वाचू शकणारे गावात मोजकेच वृद्ध उरले होते.

या वृद्धांनी ही लिपी त्यांच्या तरुणपणी केव्हातरी आत्मसात केली असणार. म्हणजे शेजारच्या टापूत गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले जात होते, त्याच पिढीत गोंडी अक्षरे जाणणारी माणसेही हयात होती, असे अनुमान काढावे लागते. ती लिपी त्या शाळांत आली नाही. ‘मराठी येते का?’ या प्रश्नाला ही माणसे ‘नाही’ म्हणाली असती किंवा ‘थोडी येते’ म्हणाली असती, आणि ते उत्तर अक्षरशः खरे असते. खोटे कोणी बोलले नसते. तरीही त्यांचे जे खरे कौशल्य, ते कागदावर आलेच नसते.

जनगणनेतील साक्षरतेचा प्रश्नही असाच आहे. कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणारा तो साक्षर, अशी तिची व्याख्या उदार आहे. पण उत्तर द्यावयाचे ते घरच्या माणसाने. ज्या अक्षरांना शाळेत, कचेरीत, बाजारात किंमत नाही, ती येतात हे ‘येणे’ म्हणून सांगावे, असे त्याला का सुचावे? आपल्या शाळेतील त्या कोऱ्या रकान्याचे आणि या गावातील वृद्धांचे दुःख एकाच जातीचे आहे.

गुंजाल्याच्या लिपीचे पुढे काय झाले, हे सांगणे अगत्याचे आहे. लिपी संगणकावर यावयाची तर प्रत्येक अक्षराला जागतिक सांकेतिक क्रमांक मिळावा लागतो. ही व्यवस्था युनिकोड या नावाने ओळखली जाते. अंशुमन पांडे या लिपितज्ज्ञांनी गुंजाला गोंडीसाठी प्रस्ताव मांडले, आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ६३ चिन्हांसह ती समाविष्ट झाली. मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली घडवलेली दुसरी एक गोंडी लिपी त्याआधी एकच वर्ष, २०१७ मध्ये, दाखल झाली होती. पाठोपाठ गुंजाला गोंडीचा टंकही मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. तो कोणीही विनामूल्य वापरावा, तपासावा, सुधारावा, अशी त्याची अट आहे.

यातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. आपली वर्णमाला ‘क ख ग’ने सुरू होते. गुंजाल्याच्या परंपरेत व्यंजनांचा क्रम ‘य व ब भ म’ असा आहे, आणि युनिकोडच्या तक्त्यातही तोच क्रम ठेवला आहे. परक्या विद्वानाला अक्षरांची वळणे टिपता आली असती, उच्चार नोंदवता आले असते. पण हा क्रम कोठे सापडला असता? तो परंपरा जपणाऱ्यांकडूनच यावयाचा. संगणकाचा ‘स’ही ठाऊक नसलेल्या वृद्धाच्या ज्ञानावाचून संगणकाचा तक्ता पुरा होत नाही. मग या कामात ‘कुशल’ कोण आणि ‘अकुशल’ कोण?

स्वयंसेवकांचे कारखाने

आता डोंगर उतरून थोडे जगाकडे पाहू. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपली प्रणाली लोकांपुढे मांडली, तेव्हा हा केवळ छंद आहे, यातून फार मोठे काही व्हावयाचे नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिले होते. आज जगातील असंख्य यंत्रे त्या प्रणालीवर चालतात. म्हणजे या चळवळीचा एक प्रमुख आरंभच एका चुकलेल्या आत्ममूल्यमापनाने झाला आहे!

अशा प्रकल्पांत कामगारांची भरती नसते, वेतन नसते, मुकादम नसतो. येणारा आपल्या मर्जीने येतो आणि ‘मला अमुक येते’ असे सांगतो. ते सांगणे कितपत मानावे? या प्रश्नाला निरनिराळ्या प्रकल्पांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर, सांगणे जसेच्या तसे मानावे. विकिपीडिया या ज्ञानकोशात, ज्याची मराठी आवृत्ती २००३ पासून आहे, सभासद आपल्या पानावर अमुक भाषा मला किती येते, हे शून्य ते पाच अशा अंकांत जाहीर करतो. मातृभाषेसाठी निराळी खूण आहे. तपासणी काहीच नाही. दुसरे उत्तर, परीक्षा घ्यावी. १९९३ साली स्थापन झालेल्या डेबियन या प्रकल्पात नव्या सभासदाची ओळख, तत्त्वांची जाण आणि प्रत्यक्ष कौशल्य या तिन्हींची तपासणी होते. तिसरे उत्तर मला सर्वांत शहाणपणाचे वाटते : काम इतके लहान करावे की ते करता करताच कौशल्य दिसून यावे. जुने ग्रंथ संगणकावर आणण्यासाठी चार्ल्स फ्रँक्स यांनी २००० साली सुरू केलेल्या वितरित मुद्रितशोधनाच्या उपक्रमात नवख्याला एकच पान मिळते. एका बाजूला मूळ पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर. दोन्ही ताडून चुका दुरुस्त करावयाच्या. त्याचे पान पुढच्या फेरीतील दुसरा कोणी पुन्हा तपासतो. अनुभव आणि चाचणी यांनंतरच वरच्या फेऱ्या उघडतात. आपल्या गुरुजींनी सर्वांना एकेक पान उतरवून आणावयास सांगितले होते, त्याहून हे निराळे ते काय?

आत्ममूल्यमापन का फसते, यावर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या डेव्हिड डनिंग व जस्टिन क्रूगर यांनी १९९९ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. शंभर जणांत ज्यांचा क्रमांक तळापासून बाराव्याच्या आसपास होता, ते स्वतःला बासष्टाव्या जागी समजत. उलट जे खरोखर वरच्या रांगेत होते, ते आपले स्थान खऱ्यापेक्षा कमी लेखत. या निष्कर्षाचा काही भाग संख्याशास्त्रीय भास आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. तथापि नवख्याचा आत्मविश्वास आणि जाणत्याचा संकोच आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. माझे म्हणणे त्यापुढे एक पाऊल आहे. केवळ उत्तर देणाराच चुकतो असे नाही. बहुधा विचारणाराही चुकतो.

याचे एक जुने उदाहरण इंग्रजी कोशाच्या इतिहासात आहे. पुढे ऑक्सफर्डचा म्हणून गाजलेल्या महाकोशासाठी संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली इंग्रजी वाचकांना जाहीर आवाहन केले : ग्रंथ वाचा आणि शब्दांची उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून पाठवा. याआधी गोळा झालेल्या चिठ्ठ्या पाहताना मरे यांना विचित्र गोष्ट आढळली होती. ‘अब्यूजन’ या दुर्मिळ शब्दाची सुमारे पन्नास उदाहरणे आली होती. ‘अब्यूज’ या नेहमीच्या शब्दाची पाचही नव्हती. वाचक आळशी नव्हते. विलक्षण ते टिपावे, असे त्यांना वाटले आणि साधे ते टिपण्याजोगे वाटले नाही. मरे यांनी वाचक बदलले नाहीत, सूचना बदलली. साध्या शब्दांचीही उदाहरणे पाठवा, असे स्पष्ट सांगितले.

२०१७ साली मोझिला या संस्थेने आवाजसंग्रहाचा एक मुक्त उपक्रम सुरू केला. त्यात कोणी वाक्य मोठ्याने वाचावयाचे, कोणी दुसऱ्याचे वाचन ऐकून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच सांगावयाचे. ज्याला लिहिण्याची भीती वाटते तो बोलतो; ज्याला बोलण्याचा संकोच वाटतो तो ऐकतो. काम असे विभागले की कोरे रकाने कमी होत जातात.

आपल्या दारचा प्रश्न

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. राजुरा व किनवट मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात आले. सीमारेषा गोंडांच्या मधून गेली. या बाजूच्या शाळांत तेलुगू माध्यम आले आणि मार्लवाईचे देवनागरी गोंडी वाचनपाठ मागे पडले. ज्यांनी देवनागरीत अक्षरे गिरवली होती, त्यांचे ‘येणे’ एका राजपत्राने ‘न येणे’ झाले. सेतुमाधवरावांच्या पिढीने जे उभे केले होते, ते असे विखुरले. माणसाचे कौशल्य त्याच्या ठायी तसेच राहते. मोजण्याची पट्टी मात्र दुसऱ्याच्या हातात असते, हा धडा आपल्या जिल्ह्याने दोनदा घेतला आहे.

आणि मित्रहो, हे केवळ गोंडांचे दुःख समजू नका. आपल्यापैकी किती जणांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या हातचे मोडी कागद आहेत? वतनाचे, उसनवारीचे, लग्नाच्या याद्यांचे? मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते जून २०१४ मध्ये, आणि तो प्रस्तावही अंशुमन पांडे यांचाच होता. यंत्र तयार आहे. वाचणारे मात्र मोजकेच उरले आहेत. एखाद्या घरी आजी असतात. त्यांना विचारले, ‘आजी, तुम्हाला मोडी येते का?’ तर त्या हसून म्हणतात, ‘छे रे बाबा, मला कसली येते!’ पण कागद हाती देऊन ‘आजी, एवढी ओळ लागते का पाहा,’ असे म्हटले, तर चष्मा पुसून त्या अर्धे पान वाचून दाखवतात. पहिला प्रश्न परीक्षेचा होता, म्हणून त्या मागे सरल्या. दुसरा कामाचा होता, म्हणून त्या पुढे आल्या.

मार्लवाईपासून गुंजाल्यापर्यंतच्या इतिहासातून मी जे शिकलो, ते एवढेच आहे. स्वयंसेवकाला ‘काय येते?’ असे विचारून थांबू नये. त्याच्यापुढे लहानसे, खरे, दुसऱ्याने तपासता येईल असे काम ठेवावे. त्याच्या होकाराने हुरळून जाऊ नये आणि त्याच्या नकारावर विश्वास ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपली पट्टी लावण्याआधी त्याच्याकडे स्वतःची पट्टी आहे का, हे पाहावे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणी अभियंते आहेत, कोणी शिक्षक, कोणी शेती करतात. शाळेने यंदा एक वही ठेवावी. तिच्या दुसऱ्या रकान्यात ‘काय येते’ असे न लिहिता ‘घरी काय आहे’ असे लिहावे : कोणाकडे मोडी दप्तर आहे, कोणाच्या गावी गोंडी किंवा कोलामी गाणी जाणणारे वृद्ध आहेत, कोणाकडे जुने वाचनपाठ आहेत. मग त्या कागदातील एकेक पान, त्या गाण्यातील एकेक कडवे वाटून घ्यावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने उतरवावे, तिसऱ्याने तपासावे. ज्याला काहीच येत नाही असे वाटते, त्याला पहिले पान द्यावे. गुंजाल्यात २००६ साली ही लिपी वाचणारे वृद्ध गावात होते, म्हणून ती वाचली गेली. कागद टिकतो, आणि तो वाचणारा माणूस निघून जातो. वही ठेवावयास उशीर झाला, तर पुढच्या पिढीला हाती कोरा रकानाच मिळेल.

गुरुजींनी त्या मुलाचा कोरा रकाना पुढे स्वतःच्या हाताने भरला होता, आणि तोही काम पुरे झाल्यानंतर.